मदत हवी: रोव्हरने मोजलेली हद्दीची खूण मोबाईलने सापडेल का?

सिन्नरकर:
मंडळी, आमच्या गटाची हद्द कायम मोजणी झालेली आहे. भूकरमापक रोव्हर (उपग्रहांवरून अचूक जागा मोजणारं यंत्र) घेऊन आले होते, चारही कोपऱ्यांवर दगड रोवले, क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशाही हातात आहे. यंदा नाला खोलीकरणाच्या वेळी जेसीबी फिरला आणि ईशान्येचा दगड गेला. बाकीचे तीन जागेवर आहेत.

शेजारी चुलतभाऊ. त्याच्या मोबाईलवर एक ॲप आहे, त्यात सॅटेलाइट फोटोवर गटाच्या रेषा दिसतात. त्या बघून बांध आमच्याकडे चांगला चार मीटर सरकायला हवा असं तो म्हणतो. भांडण नाही, चहा अजून एकत्रच होतो. पण मला तारेचं कुंपण घालायचंय, आणि खांब रोवल्यावर वाद नको.

रोव्हरचे चारही कोपऱ्यांचे आकडे मी तेव्हाच लिहून घेतले होते. मोबाईलच्या नकाशात टाकले तर काहीच येत नाही. एक आकडा सहा अंकी, ३९ने सुरू होणारा. दुसरा सात अंकी, २१ने. हे काय आहे? आणि फोन घेऊन तिथे उभं राहिलो तर जागा सापडेल का? फोन नवा आहे, नाविक (भारताची जीपीएससारखी यंत्रणा) पण पकडतो.

टोटल स्टेशन:
हे यूटीएमचे मीटर आहेत. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत, तुमच्याकडे झोन ४३ उत्तर. सहा अंकी म्हणजे पूर्वेकडचं अंतर, सात अंकी म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किती. ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये झोन घालून अक्षांश-रेखांश काढा. दशांशानंतर निदान सहा आकडे ठेवा. चारच ठेवले तर तिथेच दहा-अकरा मीटरची ढिलाई येते.

पण फोनने खूण मिळणार नाही. मोकळ्या आभाळाखालीही साधा फोन पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे दहा मीटर. चूक त्याच्या निम्मी झाली! रोव्हरला जवळच्या कॉर्स स्टेशनांवरून (पक्क्या माहीत जागी कायम बसवलेली उपग्रह-केंद्रं) मोबाईल नेटवर्कने सतत दुरुस्ती मिळते आणि तो उपग्रहाच्या लहरीचा टप्पाच (फेज) मोजतो. जीपीएसच्या एल-१ लहरीची लांबी १९ सेंटीमीटर, म्हणून तो सेंटीमीटरपर्यंत जातो. नाविकमुळे उपग्रह वाढतात, पण ती दुरुस्ती फोनला मिळत नाही.

भाऊंच्या ॲपमधल्या रेषा बहुधा जुन्या गावनकाशावरून काढलेल्या असतात, आणि खालचा फोटोही काही मीटर सरकलेला असू शकतो. त्यावर चार मीटरचा दावा टिकत नाही. त्यांचा फोन खोटं बोलतोय असं मात्र म्हणू नका, तुमचाही तेच करेल.

सिन्नरकर:
म्हणजे पुन्हा मोजणीचा अर्ज?

वऱ्हाडी:
कुंपणाआधी खूण कायदेशीर हवी, तर अर्ज कराच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ प्रमाणे हद्दीच्या खुणा सांभाळायची जबाबदारी जमीनधारकाची आहे. तोवर टेपने जागा काढता येते. तीन दगड आहेत ना! हरवलेल्या कोपऱ्याच्या आणि एका दगडाच्या सहा अंकी आकड्यांची वजाबाकी, सात अंकींची वजाबाकी, दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. हे झालं अंतर. शेजारच्या दोन्ही दगडांपासून असं काढा आणि दोन टेप ताणून कंस मारा, छेदतील तिथे खणा. गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणताना शंभर मीटरला दोन-तीन सेंटीमीटर जातात, ते सोडून द्या. टेप आडवा धरा. उताराला लागून धरला तर अंतर चुकतं. तिसऱ्या दगडापासून पडताळा घ्या.

आणि टेपचं दुसरं टोक भाऊंच्या हातात द्या.

टोटल स्टेशन:
बरोबर. फक्त दोन कंस दोन ठिकाणी छेदतात, एक रेषेच्या या बाजूला, एक त्या. त्यातला आपला कोणता, एवढं मात्र फोन नक्की सांगेल.

सिन्नरकर:
आभारी आहे. शंभर फुटी टेप आहे, पण एक बाजू दोनशे फुटांच्या वर जाते. तुकड्यातुकड्याने मोजताना रेष सरळ कशी ठेवायची?

वऱ्हाडी:
मध्ये काठ्या रोवा आणि एका टोकाला बसून डोळ्याने एका ओळीत आणा.