कीबोर्डच्या पट्ट्यांवरचा परमनंट मार्कर कसा काढायचा?

सारेगमपालक: लेकीने पांढऱ्या पट्ट्यांवर परमनंट मार्करने सा रे ग म लिहून ठेवलंय, ओल्या फडक्याने ढिम्म जात नाहीये, नेलपॉलिश रिमूव्हर लावू का?

काळीचार: अजिबात नको!! बऱ्याच रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असतं आणि पट्ट्या बहुतेक एबीएस प्लास्टिकच्या, विरघळून खरखरीत होतील. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कीबोर्ड बंद करून कापसाला थोडंसंच लावून पुसा, वरून ओतू नका, फटीतून आत गेलं की पट्ट्यांखालच्या विजेच्या कॉन्टॅक्टची वाट. आधी कोपऱ्यात ट्राय करा हां.

बेसूरबाबा: नाहीतर त्याच अक्षरांवर व्हाइटबोर्ड मार्कर गिरवून लगेच पुसा, त्यातल्या सॉल्व्हंटने जुनी शाई सुटते. टूथपेस्टच्या नादी लागू नका, चकाकी जाते.

सारेगमपालक: व्हाइटबोर्डवाल्याने बरंच गेलं, पंचम तेवढा हट्टी आहे, त्याला उद्या अल्कोहोल.