मनातल्या मनात हिरो झालेले सगळे इथे या

परवा भाचा घास तोंडात धरून दहा मिनिटं भिंतीकडे बघत बसला होता. कुठे हरवलास म्हटलं तर म्हणे, "थांब ना मावशी, विमान उतरवतोय." दोन्ही पायलट बेशुद्ध, विमानात आम्ही सगळे, आणि बिचारा एकटा लढतोय! मग आठवलं, मी पण हेच करायचे. तुम्ही लहानपणी काय काय वाचवलंय? लिहा बिनधास्त.

वर्गात दरोडेखोर. गणिताच्या बाईंना खुर्चीला बांधलेलं असायचं आणि मी त्यांना मुद्दाम सगळ्यात शेवटी सोडवायचो. गृहपाठ झालेला नसला की दरोडेखोर हमखास यायचे.

मी रोज धाकट्या भावाला पुरातून बाहेर काढायचे. पोहता येत नव्हतं ही गोष्ट वेगळी. आणि खऱ्यात त्याला साधं खोडरबर देत नव्हते :)

ते विमान उतरलं का शेवटी?

उतरलं. घास अजून तोंडातच आहे.

माझा प्रकार जरा दुःखी. मी कुणालातरी वाचवताना मरायचो. बाबा ओरडले की पांघरुणात शिरून हा सीन लावायचा, सगळे रडतायत, बाबा म्हणतायत उगाच बोललो रे त्याला, आणि हे बघून मलाच इतकं रडू फुटायचं की आई येऊन विचारायची पोट दुखतंय का, आता खरं कारण काय सांगणार, मग गुपचूप औषध प्यायचं.

याची लाज वाटून घेऊ नका. जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली दिवास्वप्नांवर अख्खं पुस्तक लिहिलंय, हा काही आजार नाही म्हणून.

मला खरा चान्स मिळाला होता. कढईतल्या तेलाने पेट घेतला. इतकी वर्षं मनात आगी विझवलेल्या, त्यामुळे मी बादली घेऊन धावलो. आजीने मला कोपराने ढकललं, गॅस बंद केला, कढईवर झाकण ठेवलं. संपलं. वर मलाच शिव्या, की पाणी पडलं असतं तर त्याची झटकन वाफ होऊन पेटतं तेल सगळ्यांच्या अंगावर उडालं असतं. रात्री मी तो सीन परत चालवला. या वेळी झाकण माझ्या हातात होतं आणि बादली घेऊन आजी धावत येत होती.