‘डिड यू वेन्ट’ का चुकतं, आणि ‘हू ब्रोक’ला डिड का नको?

राजारामपुरीकर:
आठवीच्या मुलांना इंग्रजी प्रश्न शिकवताना दोन जागी गाडं अडतंय. ‘डिड यू वेन्ट टू पन्हाळा?’ असं हमखास लिहितात. ते दुरुस्त केलं की ‘हू ब्रोक द विंडो?’मधला डिड कुठं गेला म्हणून विचारतात. नीट पटेल असं कसं सांगावं?

फळाखडू:
मराठीत वाक्य जागचं हलत नाही. ‘तू पन्हाळ्याला गेलास’ला शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न तयार. इंग्रजीत ते काम सहाय्यक क्रियापद करतं, कर्त्याच्या आधी येऊन. म्हणून मुलांकडून आधी प्रश्न नको, साधं विधान लिहून घ्या. त्यात इज, वॉज, कॅन, विल असं काही असेल तर तेवढाच शब्द उचलून कर्त्याच्या आधी ठेवायचा. ‘शी इज कुकिंग’चं ‘इज शी कुकिंग?’

नसेल तर क्रियापद फोडायचं. फळ्यावर ‘यू वेन्ट’मधला वेन्ट खोडा आणि त्याच जागी ‘डिड गो’ लिहा. आता डिडला बाण काढून यूच्या आधी न्या. गो जागेवरच राहतो. भूतकाळ सगळा डिडबरोबर गेला, मग गोचा परत वेन्ट कशाला करायचा? लाइक्सचंही तसंच: डज लाइक. शेवटचा ‘स’ डजमध्ये गेला.

अशी आठ-दहा क्रियापदं फोडून घ्या, पण सुरुवातीला पुट, कट, हिट टाळा. त्यांची दोन्ही रूपं सारखी, त्यामुळे मुलाला कळलंय की नाही तेच कळत नाही.

मंगळवारपेठ:
दुसऱ्या शंकेचं. ‘हू ब्रोक’मध्ये हू स्वतःच कर्ता आहे आणि तो आधीच पहिल्या जागेवर बसलाय. हलवायचं काहीच नाही, म्हणून डिड नाही. ‘मिसळ कोणी आणली?’ म्हणजे ‘हू ब्रॉट द मिसळ?’ पण ‘तू कोणाला बोलावलंस?’मध्ये कर्ता तू, म्हणून ‘हू डिड यू कॉल?’ नुसत्या ‘काय’वरून मात्र ओळखता येत नाही. ‘काय पडलं?’ हे ‘व्हॉट फेल?’ आणि ‘काय आणलंस?’ हे ‘व्हॉट डिड यू ब्रिंग?’ दर वेळी कर्ता शोधायलाच लावा.

फळाखडू:
बरोबर. आणि हे पक्कं झालं की लगेच पुढची चूक येते, ‘डू यू नो व्हेअर इज रंकाळा?’ उलटापालट डू यूमध्ये एकदा झाली, आत परत नको: ‘व्हेअर रंकाळा इज’. आतला प्रश्न हो-नाहीचा असेल तर इफ लावायचा: ‘कॅन यू टेल मी इफ द पन्हाळा बस हॅज लेफ्ट?’