मदत हवी आहे: घोडीसाठी दोरीचा पायबंद घरी करायचा आहे (पहिला प्रयोग फसला)

मंडळी, इथे कुणी दोरीचा पायबंद स्वतः करून वापरलाय का? पुढच्या दोन पायांत अडकवतात तो, म्हणजे जनावर चरतं पण लांब जात नाही. माझा पहिला प्रयोग सपशेल फसला आणि शिक्षा घोडीला झाली, म्हणून विचारतोय.

घोडी सात वर्षांची, स्वभावाने गरीब. दोन-तीन दिवसांच्या फेरीवर नेली की रात्रीचा प्रश्न येतो. लांब दोरीने खुंट्याला बांधली तर दोरीत पाय गुंतवून घेते, आखूड बांधली तर उपाशी राहते. दिवसाचे पंधरा-सोळा तास तोंड चालवणारं जनावर, एका तोबऱ्यावर रात्र कशी काढणार?

म्हणून घरात पडलेली नायलॉनची दोरी घेतली, करंगळीएवढी जाड. दोन्ही पायांभोवती आठाच्या आकड्यासारखी फिरवली आणि निरगाठ मारली. पहिला अर्धा तास झकास गेला. इवली इवली पावलं टाकत चरत होती. मग तिला शोध लागला की दोन्ही पाय एकदम उचलले की उडी मारता येते! सशासारखी टणाटण उड्या मारत बाई माळाच्या पार टोकाला. मी पोचलो तेव्हा थरथरत उभी होती. गाठ दवाने भिजून, ताण बसून अशी आवळलेली की नख शिरेना. शेवटी चाकूने कापली. डाव्या पायाला, खुराच्या मागे वरच्या खोबणीत, दोन बोटं रुंद केस गेलेत, कातडी लाल आणि ओलसर आहे. लंगडत नाहीये.

दोर कुठला घ्यावा, गाठ कुठली मारावी, आणि मुळात हे तिला शिकवायचं कसं? (आधी शिकवायचं असतं हे मला आत्ता सुचतंय. बोलून घ्या.)

टापांचा आवाज:
बोलणं नंतर, आधी जखम. मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, कोरडी ठेवा, घट्ट काही बांधू नका. आणि धनुर्वाताची लस कधी दिली होती ते आजच बघा. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, खरचटलेलंही पुरतं. तारीख आठवत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. सूज चढली किंवा पाय टेकवेना तर थांबूच नका.

जुने खोगीर:
नायलॉन बारीक होता, गुळगुळीत होता आणि घासला की तापतो. तिन्ही गोष्टी कातडीच्या वैरी. काथ्याही नको, त्याची कुसळं रुततात. सुती दोर घ्या, तीन पेडांचा, अंगठ्याएवढा जाड, साधारण दोन सेंटीमीटर. नवा असेल तर दोनदा धुऊन, वाळवून, हाताने चोळून मऊ करा. जुना वापरलेला सुती दोर मिळाला तर सोन्याहून पिवळं, फक्त कुजलेला नको.

माझा मी असा करतो. दोन मीटरचा तुकडा घ्यायचा. एका टोकाचे पेड उलगडून, मागे वळवून, दोराच्या पिळातच परत ओवायचे आणि फासा करायचा. हा फासा पक्का असतो, सरकत नाही. दुसऱ्या टोकाला त्याच पेडांची गुंडीसारखी गोल गाठ. ती फाशातून जेमतेम, जरा दाबून, पार व्हायला हवी. सहज गेली तर सहज सुटेलही.

घालताना दोराचा मध्य एका पायाभोवती घ्यायचा. मग दोन्ही टोकं एकमेकांभोवती पाच-सहा पीळ देत दुसऱ्या पायापर्यंत आणायची. दोन पायांत हा पिळाचा दांडा साधारण वीतभर, फार तर थोडा जास्त. मग टोकं दुसऱ्या पायाभोवती घेऊन गुंडी फाशात. गुंडी पायाच्या बाहेरच्या अंगाला यायला हवी, आतल्या बाजूला राहिली तर दुसऱ्या पायावर आपटत राहते. दोर जास्त झाला तर पीळ वाढवा, शेपट लोंबत ठेवू नका. पायाभोवती दोन बोटं सहज जातील एवढं सैल.

खूर आणि त्याच्या वरचा सांधा यांमधल्या निमुळत्या भागातच बांधा. वर नळीवर नको, तिथे कातडीखाली लगेच शिरा आणि हाड.

आणि निरगाठ कधीच नाही. दोर भिजला की गाठ आवळते, हे तुम्हाला आता कुणी सांगायला नको. गुंडी ओल्या दोरातही अंगठ्याने ढकलून काढता येते. तरी चाकू जवळ ठेवाच, धार लावलेला.

पीळदार:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक सोडून. रुंद चामड्याचा, आतून लोकर लावलेला पायबंद मी सांध्याच्या वर घालतो, कधी त्रास नाही झाला. पण तो चामड्याचा. दोरी असेल तर खालीच.

धागाकर्ता:
लस चार महिन्यांपूर्वीच झालीय, नोंद सापडली. जखम सुकतेय. पण तिला उडीची युक्ती कळलीय, ती आता विसरेल का?

जुने खोगीर:
नाही विसरणार. पुढच्या दोन पायांचा पायबंद घोड्याला सावकाश करतो, थांबवत नाही. काही घोडे तर तो घालूनही चौखूर उधळतात. मंगोलियात म्हणूनच तीन पाय बांधतात, पुढचे दोन आणि मागचा एक. पण ते नवशिक्याचं काम नव्हे, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

सोबत दुसरा घोडा असेल तर बघा, पुढारी कोण आहे. त्याला पायबंद घातला की बाकीचे सहसा त्याला सोडून जात नाहीत. गळ्यात घंटा बांधा, अंधारात शोधायला तीच कामाला येते. जवळपास ओढा, काटेरी तार, उतार असेल तिथे घालूच नका. आणि झोपायची वेळ झाली की पायबंद काढून, दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर ताणलेल्या दोरीला मोरकीने (तोंडावर चढवतात तो दोरीचा साज) बांधा. पायबंद डोळ्यांसमोर चरण्यापुरता.

टापांचा आवाज:
शिकवण्याचं राहिलंच. जखम पूर्ण भरल्यावर सुरू करा. आधी पायबंद नाहीच. मऊ दोर एका पुढच्या पायाभोवती नुसता घ्या, टोकं हातात (हाताला गुंडाळायची नाहीत), हळूच पुढे ओढा. पाय दिला की त्याच क्षणी ढिला सोडा. दोरी ओढली की झटापट करायची नाही, पाय द्यायचा, एवढंच तिच्या डोक्यात बसायला हवं. दोन्ही पायांनी आठवडाभर तेच.

मग कुंपणाच्या आत, वाळूत किंवा मऊ गवतात पायबंद घाला आणि बाजूला व्हा. अडखळेल, चिडेल, एखादी उडी मारेल. ओढू नका, ओरडू नका. मोरकी खुंट्याला बांधलेली असताना तर हे मुळीच करू नका, बुजली की मान आणि पाय दोन्ही अडकतात. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं पुरे.

घालताना-काढताना खांद्याजवळ उभं राहून वाका, गुडघे टेकू नका. समोर तर अजिबात नको. काढण्याआधी मोरकीची दोरी हातात घ्या. सुटल्याबरोबर उधळायची सवय एकदा लागली की जन्मभर पुरते.

धागाकर्ता:
काल सुती दोर आणलाय, दोनदा धुऊन वळणीवर टाकलाय. फासा जमला, गुंडीची गाठ मात्र चौथ्यांदा उलगडतोय. प्रत्येक वेळी एक पेड चुकीच्या बाजूने बाहेर येतो.

जुने खोगीर:
तिन्ही पेड एकाच दिशेने फिरवायचे, प्रत्येक शेजारच्याच्या खालून. शेवटच्याला पहिल्याने केलेल्या कडीतून वर काढा, तोच तुमचा चुकत असणार.