मदत हवी आहे: हॅश राउटर की ब्राउझर राउटर? रिफ्रेश केलं की ४०४

धांदरट
रिअ‍ॅक्टमध्ये (जावास्क्रिप्टची लायब्ररी) साइट केली आहे; कुठल्या पत्त्याला कुठलं पान दाखवायचं ते राउटर ठरवतो. लॅपटॉपवर मस्त चालते. सर्व्हरवर टाकली तर होमपेजवरून क्लिक करत गेलं की सगळी पानं उघडतात, पण आतल्या पानावर रिफ्रेश मारलं की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. पत्त्यात # घालणारा हॅश राउटर लावला तर चालतंय, पण क्लायंटला तो # नकोय. उद्या दाखवायचंय, लवकर सांगा.

सर्व्हरवाला
सर्व्हर कुठला? अपाची, एन्जिनेक्स? नुसतं 'सर्व्हरवर टाकली' म्हटल्यावर काय कळणार?

बाकरवडी
हॅशच ठेवा. # च्या पुढचं ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, मग ४०४ येईलच कुठून? आमच्या ऑफिसातली हजेरीची साइट कित्येक वर्षं तशीच चालू आहे.

मोरपंखी
हजेरीची साइट लॉगिनच्या आत, ती गुगलवर कोण शोधणार आहे? गुगल # नंतरचं वेगळं पान धरत नाही. #! ची सोय होती, तीही २०१५ मध्ये गुंडाळली. धांदरट, साइट कसली आहे?

धांदरट
पुस्तकविक्रीची. प्रत्येक पुस्तकाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणार. शेअर्ड होस्टिंग, अपाची.

सर्व्हरवाला
हे आधी सांगायचं! ब्राउझर राउटरच लाव, म्हणजे # शिवायचा साधा पत्ता. रिफ्रेश केलं की ब्राउझर तो अख्खा पत्ता सर्व्हरकडे मागतो, तिथे तशी फाइल नसते. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (अपाचीच्या सेटिंगची फाइल) रीराइटचा नियम टाक: मागितलेली फाइल खरंच असेल तर ती दे, नसेल तर इंडेक्स एचटीएमएल, म्हणजे अ‍ॅपचं मुख्य पान. लॅपटॉपवरचा डेव्ह (डेव्हलपमेंटचा) सर्व्हर हेच गुपचूप करतो. 'पान सापडलं नाही' मात्र अ‍ॅपमध्ये स्वतः ठेव, कारण आता सर्व्हर कुठल्याही पत्त्याला २००, म्हणजे 'सगळं ठीक', असंच उत्तर देणार.

जुना_खोंड
पीएचपीत ही भानगडच नव्हती. एक पान, एक फाइल.

मोरपंखी
व्हॉट्सअ‍ॅप प्रीव्ह्यू काढताना जावास्क्रिप्ट चालवत नाही. सगळ्या पुस्तकांना एकच चित्र दिसेल. बिल्डच्या (साइटच्या तयार फाइली बनवण्याच्या) वेळीच प्रत्येक पुस्तकाचं एचटीएमएल करून ठेवा.

सर्व्हरवाला
अहो, त्याला उद्या दाखवायचंय.

कपिलाषष्ठी
पत्त्यात पुस्तकाचं नाव मराठीत टाकलं तर चालतं का?

जुना_खोंड
चालतं, पण लिंक कॉपी केली की % च्या खुणांची माळ. यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि दर बाइटला % अधिक दोन कॅरॅक्टर, म्हणजे पत्त्यात ९ कॅरॅक्टर. नुसतं 'पुणे' (उकार-मात्रा धरून चार चिन्हं) ३६ चं होतं.

धांदरट
नियम टाकला. ४०४ गेलं, पण पुस्तकाच्या पानावर रिफ्रेश केलं की पांढरं पान. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणारी खिडकी) 'अनएक्सपेक्टेड टोकन' आणि पुढे <.

सर्व्हरवाला
जेएस (जावास्क्रिप्ट) फाइलच्या जागी इंडेक्स एचटीएमएल येतंय, तो < त्यातलाच. पॅकेज जेसनमध्ये (प्रोजेक्टच्या सेटिंगची फाइल) 'होमपेज' या सेटिंगला नुसता टिंब आहे का?

धांदरट
हो. एका व्हिडिओत तसंच होतं. साइट 'डेमो' फोल्डरमध्ये आहे ना. राउटरला बेसनेम (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) दिलंय.

सर्व्हरवाला
आता फोल्डर सांगतोस? टिंब म्हणजे 'आत्ताच्याच पत्त्याखाली', म्हणून ब्राउझर जेएस पुस्तकाच्या पत्त्याखाली शोधतोय. होमपेजमध्ये स्लॅश देऊन फोल्डरचं नाव लिही, परत बिल्ड कर.

बाकरवडी
हॅश ठेवला असता तर यातलं काहीच लागलं नसतं.

धांदरट
चाललं!! मुख्य डोमेनवर हलवताना हे परत बदलायचं का?

सर्व्हरवाला
हो. होमपेज आणि बेसनेम, दोन्ही. एचटीअ‍ॅक्सेसमध्येही फोल्डरचं नाव लिहिलं असशील तर तेही.