प्रोजेक्टर लावून दाखवायचं काय?

वर एकांनी लिहिलंय की प्रोजेक्टर लागला की वर्ग झोपतो, त्यापेक्षा फळा-खडूच बरा. पुस्तकातलाच मजकूर भिंतीवर टाकून वाचून दाखवला तर झोपणारच ना! मी नंदुरबार जिल्ह्यात बी.ए.ला भूगोल शिकवते. धरणं आणि विस्थापन हा भाग गुगल अर्थच्या टाइमलॅप्सवर घेते. त्यात १९८४पासूनची उपग्रहचित्रं आहेत. नर्मदेचा अक्कलकुव्याकडचा काठ लावला आणि वर्षं पुढे सरकवत गेले. सरदार सरोवराचं पाणी एकेका नाल्यातून आत शिरू लागलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची, एरवी तोंडही न उघडणारी मुलगी उठून भिंतीपाशी आली. निळ्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, इथं आमच्या आजीचं घर होतं." पुढचा सगळा तास तीच बोलली, आम्ही ऐकत होतो.

खेड्यापाड्यांत नेटवर्क मिळत नाही असं म्हणाल तर ते खरंच आहे. धडगावकडच्या पाड्यांवर व्हिडिओ उघडत नाही. म्हणून मी पाच-सात मिनिटांचं नुसतं बोलणं रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकते. पोरं बसस्टँडवर रेंज मिळाली की उतरवून घेतात आणि घरी निवांत ऐकतात.