रद्दीतील छायाचित्रातली उडती मोटार कोणती असावी?

प्रश्न (भुसावळ): येथील रद्दीच्या दुकानात मला एका इंग्रजी मासिकाचे सुटे पान मिळाले, त्यावरील छायाचित्रात चार चाकांच्या छोट्या मोटारीला पंख असून पंखा (प्रोपेलर) मात्र समोर नाही, तर शेपटीच्या अगदी टोकाला आहे. हे १९१७ चे कर्टिस ऑटोप्लेन असेल का?

उत्तर (जळगाव): नाही, भाऊ. ऑटोप्लेनचा पंखाही मागेच होता, परंतु त्या विमानाला एकावर एक तीन पंख होते आणि त्याने जेमतेम छोट्या उड्या मारल्या. आपले वर्णन मोल्ट टेलर यांच्या १९४९ मधील एरोकारशी जुळते, कारण तिचे इंजिन मागे होते, त्याची शक्ती लांब दांड्याने शेपटीमागील पंख्यापर्यंत जाई, आणि मिटवलेले पंख शेपटीसह रस्त्यावर मागे ओढत नेता येत. शेपटीचा आकार कळवावा.

उत्तर (धुळे): फुल्टन एअरफिबियन नक्कीच नव्हे, तिचा पंखा नाकाशी असे, आणि रस्त्यावर येताना तो काढून पंख विमानतळावरच ठेवावे लागत. (परत जाण्याचे ठिकाण आपोआपच ठरले म्हणायचे!) वॉटरमनच्या ॲरोबाइलला तर तीनच चाके होती.

प्रश्नकर्ता: भिंगातून पाहिले, शेपटी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते.

उत्तर (जळगाव): मग ती एरोकारच.